वाटाड्याचा शब्द

‘वाटाड्या’ हा मराठीतला जुना शब्द. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो आहे, आणि त्याचा अर्थही आजच्यासारखाच आहे: वाट दाखवणारा. हा माणूस वाट का दाखवतो, हे मात्र कोणताही कोश सांगत नाही. भक्तीने दाखवतो, धाकाने दाखवतो की मजुरी घेऊन? आणि ‘इथून पुढे जाऊ नका’ असे त्याने सांगितले, तर ते ऐकण्याचे बंधन कोणावर असते?

हिमालयातल्या उंच शिखरावर जाणारा मराठी माणूस आज पैसे मोजून व्यावसायिक वाटाड्या ठेवतो. या व्यवहाराचा इतिहास सहसा आल्प्सपासून सांगितला जातो. मी तो भंडाऱ्यापासून सांगणार आहे. भंडारा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर, वैनगंगेच्या काठी वसलेले. जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसरच्या बाजूला, सातपुड्याचे फाटे उतरतात. आंबागडचा किल्ला तिथलाच. बर्फाचा इथे काही संबंध नाही. तरी वाटाड्याच्या कामाची जी रूपे जगभर दिसतात, ती आमच्या झाडीपट्टीत एका पिढीच्या आठवणीत सापडतात, म्हणून ही सुरुवात.

यात्रेचा म्होरक्या आणि गावचा कोतवाल

पहिले रूप भक्तीचे. महाशिवरात्रीला आणि नागपंचमीला विदर्भातून पचमढीच्या मोठ्या महादेवाला जथे जातात. चौरागडाचा चढ सोपा नाही. माथा तेराशे मीटरच्या आसपास आहे आणि खांद्यावर त्रिशूळ असतो. पावसाळ्यातली नागद्वारची वाट तर आणखी बिकट. जथ्याच्या पुढे एक जुना जाणता असतो. कुठे पाणी आहे, कुठे दगड निसरडा आहे, कोणत्या टप्प्यावर म्हाताऱ्यांना बसवायचे, हे त्याला ठाऊक असते. तो मजुरी घेत नाही. पण त्याने ‘थांबा’ म्हटले की जथा थांबतो. त्याच्या शब्दामागे देव उभा असतो.

दुसरे रूप धाकाचे, आणि ते आपण सोयीस्कर विसरलो आहोत. गावात साहेब आला, पाहुणा अंमलदार आला, तर त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे कोणी? देशावर हे काम महाराच्या वतनात मोडे. मध्यप्रांतात, म्हणजे आमच्याकडे, ते कोतवालाकडे असे, आणि कोतवालही बहुतेक महार समाजातलाच. गावाची राखण, शिवेच्या तंट्यात साक्ष, आलेल्या-गेलेल्याला वाट दाखवणे ही सगळी गावकामे. मालगुजारी मुलखात याला वेठीची जोड होती. मालगुजाराचे किंवा सरकारचे ओझे वाहायला माणूस नेमला जाई, आणि त्याला विचारले जात नसे. पावसात, रात्री, घरी आजारी माणूस असताना, बोलावणे आले की निघावेच लागे. जमिनीचा तुकडा किंवा धान्याचा हक्क हाच मोबदला. त्या दिवसाच्या चालण्याची वेगळी मजुरी अशी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की या माणसाच्या कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदला ठरलेला नाही, आणि तो स्वतः हजर नसेल तर घरातल्या कोणालाही त्याच्या जागी बोलावले जाते. ते विधेयक मंजूर झाले नाही. मुंबई इलाख्यातली कनिष्ठ वतने पुढे १९५८ च्या कायद्याने गेली. आमच्याकडची मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्याआधी, १९५० मध्ये, राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बेगार हा गुन्हा ठरवला होता. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले बाबासाहेब १९५४ च्या मे महिन्यात लोकसभेच्या पोटनिवडणुकीला याच भंडारा मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले. तो पराभव भंडाऱ्यात अजून आठवला जातो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या साहेबाच्या घोड्यापुढे चालावे लागले, त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा हक्क घटनेने दिला होता, ही गोष्ट मात्र त्यासोबत क्वचितच आठवली जाते.

‘नाही’ म्हणण्याचा हा हक्क नसेल तर वाटाड्याच्या कामाला व्यवसाय म्हणता येत नाही. या लेखाचे म्हणणे तेवढेच आहे, आणि पुढे सांगितलेल्या सगळ्या घटना त्याच कसोटीवर पाहायच्या आहेत.

हिंगणघाटची कबर आणि निनावी खलाशी

विदर्भातून एव्हरेस्टकडे जाणारी एक जुनी वाट आहे. तिच्यावर वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट लागते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी तिथे वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यानंतर सर्वेक्षणाची धुरा ज्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेली, त्यांचेच नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले. राधानाथ सिकदार यांच्या गणिताच्या आधारे त्या शिखराची २९,००२ फूट ही उंची १८५६ मध्ये जाहीर झाली. लॅम्बटन, एव्हरेस्ट, सिकदार ही नावे आपल्याला माहीत आहेत.

पण त्रिकोणमितीला टेकडीच्या माथ्यावर खूण लागते, आणि खूण तिथे कोणीतरी न्यावी लागते. हे काम खलाशांचे. सर्वेक्षणात खलाशी म्हणजे ओझी वाहणारा, झेंडा रोवणारा, साखळी धरणारा माणूस. १८६० मध्ये असाच एक खलाशी स्पितीतल्या शिला नावाच्या शिखरावर खुणेचा खांब घेऊन गेला. त्या शिखराची उंची तेव्हा २३,००० फुटांहून अधिक समजली जाई, म्हणून कित्येक दशके तो मानवी चढाईचा विक्रम मानला गेला. नंतरच्या मोजणीत शिखर ६,१३२ मीटर भरले आणि विक्रम गेला. विक्रम होता तेव्हाही त्या माणसाचे नाव कोणाकडे नव्हते. शिखराची उंची फुटाफुटाने लिहिणाऱ्या खात्याने ते लिहून ठेवलेले नाही.

आमच्या मुलखाचे चित्र वेगळे नव्हते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले. सातपुड्यातल्या शिकारी, जंगले, पचमढीचे पठार हे सारे त्यात आहे, आणि त्या भटकंतीत साहेबाच्या पुढे चालणारे गोंड-कोरकू वाटाडेही आहेत. जंगल त्यांचे, वाट त्यांची, आणि शोध लावल्याचे श्रेय पुस्तक लिहिणाऱ्याचे.

आल्प्समध्ये काय घडले

याच शतकात युरोपात काही वेगळे घडले, म्हणून तिकडे वळावे लागते. माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखरावर १७८६ मध्ये पहिली चढाई झाली. पुढच्याच वर्षी सोस्यूर हे शास्त्रज्ञ अठरा वाटाडे घेऊन वर गेले. पायथ्याच्या शामोनी गावातल्या शेतकऱ्यांना आणि गारगोट्या शोधणाऱ्यांना एक नवा धंदा मिळाला.

ऑगस्ट १८२० मध्ये हामेल नावाच्या डॉक्टरांची तुकडी वर निघाली. ताजा बर्फ पडला होता. वाटाड्यांचे मत परत फिरावे असे होते. पाहुण्यांना ते पटले नाही आणि भित्रेपणाचा टोमणा बसल्यावर वाटाडे पुढे झाले. हिमप्रपात कोसळला आणि तीन वाटाडे गेले. पाहुणे वाचले.

पुढच्या वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ काढला. दर ठरले, पाळीने काम मिळण्याची पद्धत ठरली, आणि अपघातात गेलेल्याच्या कुटुंबासाठी मदतनिधी उभा राहिला. हा संघ आजही आहे. डोंगरातल्या व्यावसायिक वाटाड्याचा इतिहास इथून सुरू होतो असे मानतात. तो पहिल्या चढाईपासून सुरू होत नाही, न ऐकलेल्या सल्ल्यापासून आणि त्या तीन मृत्यूंपासून सुरू होतो.

सरयूत बुडवलेल्या वह्या, दार्जिलिंगची पुस्तके

हिमालयात मात्र विसाव्या शतकातही वेठ चालू होती. कुमाऊंमध्ये तिला कुली-बेगार म्हणत. दौऱ्यावरच्या साहेबाचे सामान वाहायला कोणत्या घरातून किती माणसे द्यायची, याच्या वह्या गावोगाव असत. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या मेळ्यात बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी यापुढे बेगार न करण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या सरयूच्या पाण्यात बुडवल्या. पिंडारी हिमनदीच्या ट्रेकला जाणारे आपले शेकडो तरुण आज याच बागेश्वरहून पुढे जातात. तिथे सामानासाठी माणूस ठरवताना आपण जी घासाघीस करतो, ती करण्याचा हक्क समोरच्या माणसाला त्या संक्रांतीला मिळाला, हे तिथे उभे राहिल्यावर आठवायला हवे.

पुढच्याच वर्षी, ७ जून १९२२ रोजी, एव्हरेस्टच्या उत्तरेकडील खिंडीखाली हिमप्रपातात सात हमाल मरण पावले. मोहीम ब्रिटिशांची होती आणि त्यांच्यातले कोणी दगावले नाही. एव्हरेस्टवरच्या मोहिमांतले हे पहिले मोठे मरण.

त्या मोहिमांसाठी माणसे मिळत दार्जिलिंगमध्ये. नेपाळातल्या सोलुखुंबूहून आलेले शेर्पा तिथे कामाच्या शोधात राहत. १९२८ मध्ये हिमालयन क्लब स्थापन झाला. या क्लबचे कार्यालय पुढे मुंबईत आले आणि आज ते तिथेच आहे. क्लबच्या दार्जिलिंग शाखेने शेर्पांची नोंद ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकाला क्रमांक आणि एक पुस्तिका मिळे. मोहीम संपली की म्होरक्या त्या पुस्तिकेत शेरा लिही, आणि पुढचे काम त्या शेऱ्यावर अवलंबून राही. १९३९ पासून उंचावर उत्तम काम करणाऱ्यांना ‘टायगर’ हा बिल्लाही मिळू लागला.

या पुस्तिकेकडे दोन बाजूंनी पाहता येते. पहिल्यांदाच त्या माणसाचे नाव, मोहिमा आणि कौशल्य कागदावर आले; शिलावरच्या खलाशाला हे मिळाले नव्हते. पण शेरा लिहिणारा नेहमी साहेबच असे. साहेबाबद्दल शेर्पाने शेरा लिहायची सोय कुठेच नव्हती. तेनझिंग नोर्गे यांना १९३३ मध्ये काम नाकारले गेले. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांनी त्यांना निवडले ते जवळपास चेहऱ्यावरच्या हसूवरून.

१९३९ मध्येच के-टूवर अमेरिकन मोहिमेचे एक सदस्य, डडली वुल्फ, वरच्या छावणीत अडकले. त्यांना आणण्यासाठी पासांग किकुली, कितार आणि पिंत्सो हे तीन शेर्पा वर गेले. चौघांपैकी कोणीही परत आले नाही. मजुरीच्या कोणत्याही कराराने त्यांना त्या दिवशी वर जायला भाग पाडले नव्हते. वेठ आणि व्यवसाय यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. वेठीला आलेल्याला निवड नसते. हे तिघे जाणूनबुजून गेले, आणि म्हणूनच त्यांची नावे आपण घ्यायला हवीत.

१९५२ मध्ये स्विस मोहिमेने तेनझिंगना चढाई करणाऱ्या सदस्याचा दर्जा दिला. त्या दृष्टीने १९५३ च्या शिखराइतकेच हे वर्षही मोठे आहे. १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेत काठमांडूत साहेब लोक वकिलातीत उतरले आणि शेर्पांची सोय गॅरेजमध्ये झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेर्पांनी आपला निषेध समोरच्या रस्त्यावर लघवी करून नोंदवला. काही आठवड्यांनी, २९ मे रोजी, त्यांच्यातलाच एक जगाच्या माथ्यावर उभा होता. पुढच्या वर्षी ४ नोव्हेंबरला दार्जिलिंगला गिर्यारोहण प्रशिक्षण संस्था स्थापन झाली आणि तेनझिंग तिथे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. ज्याला एकेकाळी काम नाकारले गेले होते, तो आता दुसऱ्यांना दाखला मिळवून देणाऱ्या संस्थेत शिकवू लागला.

मराठी पावले

मराठी माणूस या व्यवहारात आला तो गिऱ्हाईक म्हणून. १८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालची ती नागरी मोहीम होती. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून १९ मे रोजी शिखरावर गेले. या मोहिमांमागे सह्याद्रीतली कित्येक वर्षे होती. आणि सह्याद्रीत आपण वाटाड्या घ्यायला शिकलो होतोच: अलंग-मदन-कुलंगला जाताना आंबेवाडीचा, हरिश्चंद्रगडाला पाचनईचा. त्याच्या घरी भाकरी खाऊन, त्याच्या मागून चालत.

पण १९ मे २०१२ या तारखेला दुसरी बाजूही आहे. त्या दिवशी शिखराच्या वाटेवर फार गर्दी झाली, आणि उतरताना ज्यांचा अंत झाला त्यांत मुंबईत वाढलेली, कॅनडात स्थायिक झालेली एक तरुणीही होती. तिने पैसे भरून वाटाडे घेतले होते. परत फिरा असे आपण तिला सांगितले होते, पण तिने ऐकले नाही, असे तिच्या वाटाड्यांनी पुढे सांगितले. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर आठ जण गेले, तेव्हाही दुपारी दोनला परत फिरायचे हा ठरलेला नियम मोडला गेला होता. तिथे नियम मोडणाऱ्यांत स्वतः नामवंत वाटाडे होते. गिऱ्हाइकाने भरलेल्या पैशाचे ओझे त्यांच्याही पायात होते. १८२० च्या शामोनीपासून प्रश्न तोच आहे. वाटाड्याचा सल्ला विकत घेतला जातो, पण त्याचा नकार विकत घेतला जातो का?

भंडाऱ्याच्या दक्षिणेला, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, २०१८ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून तिथल्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी त्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचले. सपाटीवरच्या, शेतकरी-मजुरांच्या घरातली ही मुले. त्यांचे पूर्वज शिकारी साहेबांच्या पुढे जंगलातून चालले असतील. ही मुले शेर्पांच्या मागून बर्फात चालली. त्यांच्या पराक्रमाचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट या मुलखाला वाटाड्याचे दुःख आतून माहीत आहे, म्हणून शेर्पाची किंमत आपल्याला अधिक कळायला हवी. आपल्या बातम्यांत शिखरावर गेलेल्याचे गाव, शाळा, आईवडील सगळे येते. आदल्या दिवशी दोर बांधून गेलेल्याचे नाव शोधावे लागते.

आजचा करार

१८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमधबधब्यात हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मेले. ते दुसऱ्यांच्या छावण्यांचे सामान वर नेत होते. नेपाळ सरकारने प्रत्येक कुटुंबाला आधी चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पांनी त्या हंगामात काम नाकारले आणि त्या बाजूच्या बहुतेक मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. बागेश्वरच्या सरयूत बुडालेल्या वह्यांची ही हिमालयातली पुढची पायरी. त्यानंतर विम्याची सक्तीची रक्कम वाढली.

आता कायदाच वाटाड्या घ्यायला सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना परवानाधारक वाटाडा बंधनकारक केला. २०२५ मध्ये आठ हजार मीटरवरच्या शिखरांसाठी दर दोन गिर्यारोहकांमागे किमान एक वाटाडा असा नियम झाला, आणि त्याच वर्षी एव्हरेस्टचे वसंत ऋतूतले शुल्क ११,००० डॉलरवरून १५,००० डॉलरवर गेले. नेपाळच्या वाटाड्यांची संघटना २०१२ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. कामी रिता शेर्पा २०२५ च्या मे महिन्यात एकतिसाव्यांदा एव्हरेस्टवर गेले आणि त्यांचे नाव जगभर छापून आले.

तरी नियमाने माणूस ठेवता येतो, त्याचा शब्द पाळायला लावता येत नाही. म्हणून हिमालयात जायला निघालेल्या आपल्या मुलामुलींना मी हाच इतिहास समोर ठेवून चार गोष्टी विचारायला सांगतो. वाटाड्याचे प्रशिक्षण कुठे झाले? त्याच्यावर किती माणसांची जबाबदारी आहे? तो मेला तर त्याच्या घरी किती रुपये जाणार, आणि ते कागदावर आहे का? किती वाजता परत फिरायचे, हे खाली असतानाच लिहून ठरले आहे का? पहिले दोन प्रश्न बहुतेक जण विचारतात. तिसरा कोणी विचारत नाही. चौथ्याचे उत्तर सगळे देतात आणि शिखर दिसू लागले की विसरतात.

महादेवाच्या यात्रेत म्होरक्या थांबला की जथा थांबतो, कारण तिथे शब्दामागे श्रद्धा आहे. कोतवालाला थांबायचा अधिकारच नव्हता. त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. व्यावसायिक वाटाड्याच्या शब्दामागे करार असतो. त्या करारात आपण त्याची मजुरी लिहितो, प्राणवायूच्या बाटल्या लिहितो, शिखर गाठल्यावरचे बक्षीसही लिहितो. त्याने ‘आता खाली’ म्हटल्यावर आपण न बोलता वळू आणि त्याचे बक्षीस तरीही देऊ, ही ओळ मात्र क्वचितच लिहिली जाते. कोतवालाला पुढे घालून चालणाऱ्या साहेबापासून आपण किती लांब आलो, हे त्या एका ओळीवरून ठरेल.